वेग आणि ताबा : बास-बोटीची निवड

मासे धरण्याची नाव कशी निवडावी, हा विषय वसंत व्याख्यानमालेत यावा याचे काही श्रोत्यांना नवल वाटणे स्वाभाविक आहे. त्यातून ही नाव आपल्या कोकणकिनाऱ्यावरची नव्हे. अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या तलावांवर आणि धरणांच्या जलाशयांवर जी धावते, आणि जिला तिकडे 'बास-बोट' म्हणतात, ती ही नाव होय. तथापि हा विषय घेण्यास दोन कारणे आहेत. पहिले कारण व्यवहाराचे आहे. आपल्या गावोगावच्या कुटुंबांतील मुले-मुली आज अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, आणि तिकडे तळ्यावरची मासेमारी हा अगदी सामान्य माणसाचा छंद आहे. तेव्हा अशी नाव घेण्याचा प्रसंग आपल्यापैकी कोणाच्या घरी यावयाचाच नाही असे नाही. दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. कोणत्याही यंत्रात दोन चांगले गुण एकमेकांच्या आड येतात तेव्हा विचारी माणसाने काय करावे, हे या लहानशा नावेत जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसते. ते दोन गुण म्हणजे वेग आणि ताबा.

प्रथम मासा पाहू, कारण नावेचा आकार शेवटी माशानेच ठरवला आहे. बास हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्यातला शिकारी मासा. त्याच्या दोन जाती प्रसिद्ध आहेत : मोठ्या तोंडाची आणि लहान तोंडाची. मोठ्या तोंडाचा बास उथळ पाण्यात, पाणवनस्पतींच्या दाटीत, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत किंवा धक्क्यांच्या सावलीत दबा धरून बसतो. त्याला धरावयाचे तर नाव उथळ पाण्यात शिरली पाहिजे, आवाज न करता रेंगाळली पाहिजे, आणि तिच्या पुढच्या फळीवर उभे राहून गळ टाकणाऱ्याचा तोल जाता कामा नये. म्हणजे मासा धरताना ही नाव जवळजवळ स्थिर असते. या कामात वेगाचा काडीमात्र उपयोग नाही.

याचा पुरावाही इतिहासात आहे. २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या एका तरुण शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. या वजनाची बरोबरी व्हावयास २००९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जपानमधील बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी तेवढाच मासा धरला. पेरी ज्या नावेत बसला होता ती घरी ठोकून बनवलेली, वल्ह्यांनी हाकावयाची लाकडी नाव होती. तिला इंजिन नव्हते.

मग वेग आला कोठून? तो आला पाण्याच्या विस्तारातून, आणि पुढे घड्याळातून. १९३३ साली स्थापन झालेल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाने आणि त्यानंतर इतर अनेक खात्यांनी अमेरिकेच्या दक्षिण भागात मोठमोठी धरणे बांधली. नद्यांच्या जागी मैलोगणती पसरलेले जलाशय आले. टेक्सास आणि लुइझियाना यांच्या सीमेवरील टोलेडो बेंड जलाशयाचा विस्तार सुमारे १,८५,००० एकर आहे, आणि त्याच्या पाण्याखाली उभी झाडे तशीच राहिली आहेत. बासला अशी जागा फार मानवते. परंतु तेथवर पोहोचावयाचे तर वाऱ्याने खवळलेले उघडे पाणी ओलांडावे लागते. लुइझियानातील श्रीव्हपोर्ट येथील होम्स थर्मंड या कारागिराने १९४८ साली खास या कामासाठी एक चपटी, रुंद आणि पुढे टोकदार अशी नाव बनवली. तिचे नाव 'स्कीटर'. तिकडच्या बोलीत त्याचा अर्थ डास. पहिली बास-बोट म्हणून हिचाच उल्लेख केला जातो.

घड्याळ आले ते १९६७ साली. त्या वर्षी जून महिन्यात अलाबामातील रे स्कॉट या विमा-विक्रेत्याने आर्कान्सा राज्यातील बीव्हर तलावावर बास धरण्याची स्पर्धा भरवली. तीत १०६ स्पर्धक होते. लगेच पुढच्या वर्षी, १९६८ साली, त्याच राज्यातील फ्लिपिन या छोट्या गावी फॉरेस्ट वुड यांनी 'रेंजर' नावाच्या बोटी बांधावयास आरंभ केला. १९७१ साली नेवाडाच्या सीमेवरील मीड सरोवरात 'बासमास्टर क्लासिक' ही अखेरची मानाची स्पर्धा प्रथम झाली, आणि हा छंद एक व्यवसाय बनला. या स्पर्धांत सकाळी ठरल्या वेळी निघावयाचे, दिवसभरात सर्वांत वजनदार पाच मासे जमवावयाचे आणि ठरल्या वेळी परतावयाचे, असा परिपाठ आहे. उशीर झाला तर दर मिनिटाला एक पौंड वजन कापले जाते, आणि पंधरा मिनिटांहून अधिक उशीर झाला तर त्या दिवसाचे सारे मासे बाद होतात. असा नियम असल्यावर नावेला वेग हवा असे वाटू लागले, तर दोष कोणाला द्यावा? पुढे स्पर्धेत न उतरणाऱ्या साध्या छंदिष्टांनीही तशाच नावा घेतल्या. शर्यतीचा घोडा पाहून टांग्यालाही तसलाच घोडा जुंपावा, तसे काहीसे झाले.

आता नाव वेगाने जाते म्हणजे काय होते ते पाहू. साधी नाव आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारून तरंगते. चालू लागली की ती पुढे आणि मागे लाटा उठवते, आणि वेग वाढेल तशा या लाटा लांब होत जातात. एक वेळ अशी येते की लाटेची लांबी नावेच्या लांबीइतकी होते. तेव्हा नाव स्वतःच केलेल्या लाटेच्या उतारावर अडकून बसते, आणि कितीही जोर लावला तरी पुढे सरकावयास फार कष्ट पडतात. इंग्लंडमधील विल्यम फ्रूड यांनी १८७०नंतरच्या दशकात टॉर्की येथे हौद बांधून नावांच्या प्रतिकृतींवर प्रयोग केले, आणि हे सारे शास्त्र पक्क्या पायावर उभे केले. हिशेबाची रीत सोपी आहे. पाण्यालगतच्या लांबीचे फुटांतील वर्गमूळ घ्यावे आणि त्याला सुमारे १.३४ने गुणावे, वेग सागरी मैलांत येतो. २० फुटी नावेचा हा वेग ताशी ६ सागरी मैल, म्हणजे आपले सुमारे ७ मैल भरतो.

मग बास-बोट ताशी ६०-७० मैल कशी धावते? लहानपणी आपण सर्वांनी तळ्यावर चपटा दगड भिरकावून त्याचे टप्पे मोजले आहेत. दगड पाण्यापेक्षा जड, तरी तो बुडत नाही. कारण वेगामुळे पाणी त्याला खालून उचलून धरते. बास-बोटीचेही तेच. इंजिनाचा जोर पुरेसा असला की ती आपल्या लाटेवर चढते आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरू लागते. वेग जितका वाढेल तितके तिचे बूड पाण्याबाहेर येते, घर्षण कमी होते आणि वेग आणखी वाढतो. अगदी भर वेगात वीस फुटांच्या नावेचा फक्त मागचा थोडासा भाग पाण्याला टेकलेला असतो.

आमच्या विषयाचे मर्म येथेच आहे. वेग मिळतो तो बूड पाण्याबाहेर काढून. आणि ताबा राहतो तो बूड पाण्यात असल्यामुळे. मोटारीची चाके रस्त्यावर टेकलेली असतात म्हणून ती वळते आणि थांबते. नावेला रस्ता म्हणजे पाणी. ज्या मानाने ती पाणी सोडते त्या मानाने ती चालकाचे ऐकेनाशी होते. म्हणून वेग आणि ताबा हे दोन वेगवेगळे गुण बाजारातून विकत आणून एका नावेत भरता येत नाहीत. दोघांची शिल्लक एकाच खात्यात आहे. एकासाठी काढली की दुसऱ्याची घटते.

कारागिराची सारी कसोटी या शिल्लकीची वाटणी कशी करावी यात आहे. त्याचे पहिले साधन म्हणजे बुडाचा आकार. पाटासारखे सपाट बूड लवकर पाण्यावर चढते, थोड्या जोरात धावते आणि थांबल्यावर स्थिर राहते. पण लाटांवर ते असे आदळते की बसणाऱ्याची कंबर बोलू लागते, आणि वळणावर ते बाजूला घसरते. याच्या उलट इंग्रजी व्ही अक्षरासारखे खोल बूड लाटा कापीत जाते. सी. रेमंड हंट या अमेरिकन रचनाकाराने असे खोल बूड बनवले, आणि १९६०च्या मायामी ते नासाऊ या समुद्रावरील शर्यतीत त्या धर्तीची 'मॉपी' ही नाव पहिली आली, तेव्हा त्याचा गुण जगाला पटला. या बुडाच्या दोन्ही बाजूंचा उतार मागच्या टोकापर्यंत २० अंशांच्या वर राहतो. परंतु खोल बुडाला अधिक जोर लागतो, आणि थांबल्यावर ते एका बाजूला कलते. पुढच्या फळीवर उभा असलेला गळवाला दोन पावले डावीकडे सरकला की सारी नाव त्याच्याबरोबर झुकते.

बास-बोटीने यांतून मधली वाट काढली. तिची नाळ, म्हणजे पुढचा भाग, धारदार असतो. मागे जाता जाता उतार कमी होत जातो. आणि अगदी मागे, मधोमध, वीतभर रुंदीची एक सपाट पट्टी ठेवलेली असते. भर वेगात नाव या पट्टीवर तोल सांभाळून धावते. लाटांत नाळ पाणी कापते, थांबल्यावर रुंद काठ तोल धरतात, आणि धावताना ही अरुंद पट्टी घर्षण कमी ठेवते. योजना मोठी हुशारीची आहे. पण तिची किंमत आहे.

ती किंमत म्हणजे नावेचे डोलणे. हे डोलणे दोन प्रकारचे असते. पहिल्यात नाळ वर उडते आणि खाली आपटते, पुन्हा उडते. यात नाव मागे जड असते, किंवा इंजिनाचा कोन फार बाहेर झालेला असतो. कोन आत घेतला किंवा ओझे पुढे सरकवले की हे थांबते. दुसरे डोलणे अधिक धोक्याचे. त्यात नाव त्या अरुंद पट्टीवरून एकदा डाव्या काठाकडे, एकदा उजव्या काठाकडे कलते, आणि प्रत्येक वेळी अधिक कलते. नवशिका चालक घाबरून चक्र उलट फिरवतो. पण त्याचा हात नावेच्या मागून चालत असल्यामुळे तो डोलणे कमी करण्याऐवजी वाढवतो. सायकल शिकताना हँडल उलटसुलट फिरवून आपण जसे पडतो, त्यातलाच हा प्रकार. अनुभवी चालक अगदी बारीक हालचालींनी नाव त्या पट्टीवर धरून ठेवतात. ज्याला ते साधत नाही त्याने वेग हळूच कमी करावा, याहून दुसरा उपाय नाही. चक्रात जराही ढिलाई असली तर हा दोष बळावतो. म्हणून मोठ्या इंजिनाच्या नावेला तेलाच्या दाबावर चालणारे चक्र असणे जरुरीचे आहे.

दुसरे साधन इंजिन. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली नावेच्या मागे टांगावयाच्या इंजिनाचा धंदा सुरू केला, तेव्हा ते दीड-दोन अश्वशक्तीचे होते. आज बास-बोटींवर १५० ते २५० अश्वशक्तीची इंजिने सर्रास दिसतात. इंजिन विकणारा आपल्याला सांगेल की जोर वाढवला की वेग वाढतो. हे खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. पाण्यावरून घसरणाऱ्या नावेचा वेग ढोबळ मानाने, दर पौंड वजनामागे किती जोर आहे त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. जॉर्ज क्राउच या नौकारचनाकाराच्या नावाने हा नियम ओळखला जातो. समजा, एखादी नाव १५० अश्वशक्तीवर ताशी ५० मैल धावते. तेवढ्याच वजनात तिला ६० मैल धावावयाचे तर २१६ अश्वशक्ती लागेल, आणि ७० मैलांसाठी २९४. वेग दीडपटही झाला नाही, तोच जोर मात्र जवळजवळ दुप्पट झाला. आणि मोठे इंजिन स्वतःच जड असते, ते वेगळेच.

इतके करून मिळते काय, त्याचाही हिशेब मांडू. मासे धरण्याची जागा २० मैलांवर आहे असे धरा. ताशी ५० मैलांनी तेथे पोहोचावयास २४ मिनिटे लागतात, ६० मैलांनी २० मिनिटे आणि ७० मैलांनी १७ मिनिटे व काही सेकंद. पहिल्या दहा मैलांनी चार मिनिटे वाचवली. पुढच्या दहांनी तीनदेखील वाचवली नाहीत. स्पर्धकाला तीन मिनिटांचे मोल असेल. रविवारी मुलाला घेऊन तळ्यावर जाणाऱ्या बापाला ते किती आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

लाभ असा आटत जातो, आणि धोका मात्र त्याच वेळी फुगत जातो. धावत्या वस्तूत साठलेली शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३५ मैलांवरून ७० मैलांवर गेले की धक्का दुप्पट नव्हे, चौपट बसतो. ताशी ७० मैल म्हणजे सेकंदाला सुमारे १०३ फूट. पाण्यात अर्धवट बुडालेला ओंडका दिसून हात हलेपर्यंत दीड सेकंद गेला, तर नाव दीडशे फूट पुढे गेलेली असते. आणि नावेला ब्रेक नसतो, ही गोष्ट मोटारीची सवय असलेला माणूस हटकून विसरतो.

तिसरे साधन म्हणजे इंजिनाची बैठक आणि पंखा. इंजिन थोडे उंच बसवले आणि त्याचा कोन बाहेर काढला की नाळ उचलली जाते व वेग वाढतो. मात्र पाण्यावरची पकड सैल होते. पंख्याच्या बाबतीत दोन आकडे पाहावयाचे असतात : त्याचा व्यास, आणि त्याची 'पिच', म्हणजे एका फेऱ्यात तो स्क्रूसारखा किती इंच पुढे सरकेल ते माप. एक उदाहरण घेऊ. इंजिनाचे मिनिटाला ५,८०० फेरे, दातेरी चाकांचे प्रमाण १.७५ आणि पिच २५ इंच असेल, तर हिशेबाने वेग ताशी सुमारे ७८ मैल येतो. पाणी लाकडासारखे घट्ट नसल्यामुळे पंखा थोडा घसरतो. दहा टक्के घसरण धरली तर ७० मैल हाती येतात. तीन पात्यांचा पंखा बहुधा सर्वाधिक वेग देतो. चार पात्यांचा पाणी अधिक घट्ट धरतो, नाव लवकर वर चढवतो आणि लाटांत व वळणांवर तिला सोडत नाही. नवी नाव घेणे परवडत नसेल, तर पंखा बदलून पाहणे हा ताबा वाढवण्याचा स्वस्तातला उपाय आहे.

आता लांबी, रुंदी आणि बांधणी. बास-बोटी साधारणपणे १७ ते २१ फूट लांब असतात. लांब नाव एका लाटेवरून दुसरीवर टेकत जाते, आखूड नाव दोन लाटांच्या मध्ये डोके घालते. रुंदी वाढली की स्थिरपणा वाढतो. परंतु अमेरिकेच्या हमरस्त्यांवरून ट्रेलरवर नाव न्यावयाची असल्याने साडेआठ फुटांपलीकडे रुंदी सहसा नेता येत नाही. फायबर ग्लासची नाव जड, गुळगुळीत आणि हवा तसा आकार घेणारी असते; ती लाटांत सौम्य चालते व भर वेगात शांत राहते. ॲल्युमिनियमची नाव हलकी आणि स्वस्त असते, लहान इंजिनावर भागते, आणि खडकाळ नदीत घासली तरी तिचे दुःख कमी; पण वाऱ्यात ती भरकटते आणि लाटांत अधिक दणके देते.

येथवर नावेचे अंतरंग झाले. आता निवडीचा क्रम. बहुतेक लोक इंजिनापासून आरंभ करतात. आमच्या मते आरंभ पाण्यापासून करावा. आपण वर्षातले बहुतेक दिवस कोणत्या पाण्यावर जाणार? फ्लोरिडातील ओकीचोबी सरोवर सुमारे ७३० चौरस मैलांचे, पण सरासरी नऊच फूट खोल आहे. असे उथळ आणि विस्तीर्ण पाणी वारा सुटताच आखूड, उभ्या लाटांनी भरून जाते. उत्तरेकडील ईरी सरोवर पाच महासरोवरांत सर्वांत उथळ, त्यामुळे तेथेही हाच अनुभव येतो, आणि तेथल्या लाटा तर कितीतरी मोठ्या. अशा पाण्यावर २० ते २१ फुटांची, खोल नाळेची, जडशी नावच हवी. आणि तेथे वेगाचा काटा फारसा कामाचा नसतो, कारण लाटांत तो वेग वापरताच येत नाही. याउलट वळणावळणाच्या नदीत किंवा दोन-तीन मैलांच्या तळ्यात १७-१८ फुटांची ॲल्युमिनियमची नाव आणि बेताचे इंजिन पुरेसे होते.

दुसरा प्रश्न ओझ्याचा. मासे जिवंत ठेवण्याची टाकी ही या नावेतली मोलाची सोय. १९७२ सालापासून रे स्कॉट यांनी स्पर्धांत मासे न मारता पुन्हा पाण्यात सोडण्याची चाल पाडली, आणि हवा खेळवलेली टाकी नावेत आवश्यक झाली. या टाकीत ३० गॅलन पाणी भरले की २५० पौंड वजन वाढते. ४० गॅलन पेट्रोलचे सुमारे २४० पौंड होतात. नाळेवरच्या विजेच्या लहान मोटारीसाठी बॅटऱ्या, दोन माणसे, गळांच्या पेट्या हे सारे त्यावर. हलक्या नावेवर एकट्या चालकाने काढलेला वेग आणि भरल्या नावेचा वेग यांत अंतर पडावयाचेच. शिवाय हे ओझे कोठे ठेवले आहे यावर नावेचा तोल अवलंबून असतो. यास्तव विकत घेण्यापूर्वी नाव आपल्या नेहमीच्या ओझ्यासह, शक्य तर वाऱ्याच्या दिवशी, चालवून पाहावी. ती किती वेळात पाण्यावर चढते, चढताना समोरचे दिसेनासे होते का, मंद वेगात घसरत राहते की पुन्हा पाण्यात बसते, लाट बाजूने आली तर काय करते, आणि बेताच्या वेगात तीव्र वळण घेताना पंखा पाणी सोडतो का, हे पाहावे. मग इंजिन बंद करून दोघांनीही एकाच काठावर उभे राहून पाहावे. नाव दिवसातला बहुतेक वेळ अशीच असावयाची आहे.

तिसरा प्रश्न चालकाचा, आणि तो सर्वांत अवघड, कारण त्याचे उत्तर दुकानदार देऊ शकत नाही. ७० मैलांची नाव ४५ मैलांनी चालवता येते, असे पुष्कळजण म्हणतात. म्हणणे बरोबर आहे. पण माणसाचा हात आणि मन यांची ओळख असलेल्यांना ते तितकेसे पटणार नाही. एखाद्या शांत सकाळी, पाणी आरशासारखे असताना, हात पुढे जातोच.

अमेरिकेतील कायद्याने काही बंधने घातली आहेत, ती माहीत असावीत. २० फुटांखालील अशा नावांवर माणसे, वजन आणि अश्वशक्ती यांची मर्यादा दाखवणारी पट्टी लावलेली असते. ती मर्यादा ओलांडू नये. १ एप्रिल २०२१पासून २६ फुटांखालील नावा वेगात असताना चालकाने इंजिन बंद करणारी दोरी किंवा तत्सम साधन अंगाला जोडलेले असले पाहिजे, असा नियम झाला आहे. चालक पाण्यात फेकला गेला की दोरी सुटते आणि इंजिन थांबते. हा नियम नसता तर रिकामी नाव गोल गोल फिरत त्याच माणसावर परत येण्याचा धोका राहिला असता. लाइफ-जॅकेटचे तर सांगावयासच नको. अमेरिकेच्या तटरक्षक दलाची वार्षिक आकडेवारी पाहिली तर बुडून मेलेल्यांपैकी दर दहांतील आठांहून अधिक लोकांच्या अंगावर ते नव्हते, असे वर्षानुवर्षे आढळते.

परंतु कायदा फक्त काठ आखून देतो. आपल्यासाठी योग्य वेग कोणता, हे ठरवण्याची एक साधी कसोटी आम्ही सुचवतो. बास-बोटीत दोन आसने शेजारीशेजारी असतात. एका आसनावरच्या माणसाच्या हातात चक्र असते आणि पायाखाली वेग असतो. दुसऱ्या आसनावरच्या माणसाच्या हाती धरावयास एक दांडा असतो, एवढेच. तो मित्र असेल, पत्नी असेल, दहा वर्षांचा मुलगा असेल. लाट येणार हे चालकाला कळते, म्हणून त्याचे अंग आधीच सावरलेले असते. शेजारच्याला ती आदळल्यावर कळते. नाव पारखावयास गेलात तर एक फेरी त्या दुसऱ्या आसनावर बसून करा, आणि नाव दुसऱ्याला चालवू द्या. ज्या वेगाला तेथे बसून आपला जीव निर्धास्त राहतो, तो त्या नावेचा आपल्यापुरता खरा वेग होय. काट्यावर त्याच्या पुढे जे आकडे लिहिलेले असतील, त्यांचे पैसे द्यावयाचे की नाही, हे मग प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावे.